ठेवा तिथे

व्हीलचेअरच्या पुढच्या छोट्या चाकात केस आणि दोऱ्यांचा असा गुंता बसला होता की धाकटीने आधी चिमटा लावून पाहिला, मग स्क्रू ड्रायव्हर, आणि शेवटी चाक मांडीवर घेऊन ती एक दोरा दातांनीच ओढायच्या बेतात होती.

"दात राहू दे जागेवर," मिस्त्री चष्म्यावरून बघत म्हणाले. "त्यांचे सुटे भाग आपल्याकडे नाहीत."

तिने हसून चाक खाली ठेवलं. तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. हातात वॉकर होता, आणि तो त्याने जमिनीला न टेकवता, उचलून धरला होता. खोलीतले सगळे हात एकदम मंदावले. मिस्त्रींनी पाना थांबवला. कॉलेजातून नव्याने आलेली दोघं, एक चष्मेवाला आणि एक वेणीवाली, कुबड्या पुसायची थांबली नाहीत, कारण त्यांना अजून काही कळत नव्हतं.

टेबलामागून सिस्टर म्हणाल्या, "ठेवा तिथे. पाणी घेता?"

माणसाने वॉकर भिंतीशी ठेवला. ग्लास दोन्ही हातांत धरून पाणी प्यायला, ग्लास उपडा घातला, मान हलवली आणि गेला. तो गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत कुणी बोललं नाही.

"त्यांना कुणी काही विचारलंच नाही," वेणीवाली म्हणाली. "पेशंट कसा आहे वगैरे."

"विचारायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. उभं आयुष्य त्यांनी दवाखान्याच्या वॉर्डात काढलं होतं, आणि आवाज अजूनही रात्रपाळीचा होता, कुणाची झोप मोडू नये असा. "वॉकर परत येतो तो दोन कारणांनी. एक चांगलं, एक वाईट. तोंडावरून दर वेळी कळत नाही. आपण हसून विचारलं आणि निघालं भलतंच, तर? म्हणून विचारायचंच नाही. ठेवा तिथे म्हणायचं आणि पाणी द्यायचं."

"पाणी कशाला?"

"हात एकदम रिकामे झाले की माणसाला धरायला काहीतरी लागतं."

वेणीवालीने मान डोलावली. धाकटीने चाक पुन्हा उचललं. तिच्या गळ्यात केंद्राची किल्ली होती, आणि ती खाली वाकली की किल्ली पुढे येऊन चाकावर आपटायची. आठवडा झाला तरी तिला त्या वजनाची सवय होत नव्हती.

केंद्र म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्याची लांबट खोली. उंचावर खिडक्या, एकच दार, एकच कुलूप. भिंतीला टेकून उभ्या केलेल्या लोखंडी कॉट, पिंपात छत्र्यांसारख्या खोचलेल्या कुबड्या, मागच्या कोपऱ्यात व्हीलचेअरींची दाटी. ज्याच्या घरी आजारपण आलं त्याने यायचं, लागेल ते न्यायचं, गरज सरली की आणून ठेवायचं. हे सगळं चालवायला चार म्हातारी माणसं होती, त्यातलं एक आता उरलं नव्हतं, आणि कॉलेजची पोरं येऊन जाऊन असत. धाकटीही अशीच एका तुकडीबरोबर आली होती. बाकीची तुकडी परीक्षेबरोबर विरघळून गेली, ही राहिली. तिच्याहून लहान पोरं आली नि गेली, तरी धाकटी तीच. आणि गेल्या आठवड्यात त्याच धाकटीच्या गळ्यात सिस्टरनी किल्ली घातली. एका दुपारीत ती धाकटीची थेट थोरली झाली. मधली व्हायची सवडसुद्धा कुणी दिली नाही.

त्या दिवशीचा घोळ आठवला की तिला अजूनही हसावं की रडावं कळत नसे.

त्या दिवशी सकाळी तिला नोकरी लागल्याचं कळलं होतं. जमिनी मोजणारी कंपनी. गावोगाव हिंडायचं, तंबूत राहायचं, तीन पायांच्या तिकाटण्यावर यंत्र लावून डोंगर, नदी, वस्त्या मोजायच्या. कॉलेजात असल्यापासून तिला हेच हवं होतं, आणि ते मिळेल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं, तिला धरून. आनंद पोटात मावेना. बिस्किटांचा मोठा पुडा घेऊन ती केंद्रात आली. आता कुणीतरी म्हणेल, काय गं, कशाबद्दल? मग आपण सांगायचं. बेत एवढा साधा होता.

पण विचारायचं नाही ही शिस्त या माणसांच्या हाडीमासी खिळली होती. मिस्त्री एकदा हाताला प्लास्टर घालून आले, तर कुणी अवाक्षर काढलं नाही. ड्रायव्हरकाका त्यांना पाने पकडून देत राहिले, सिस्टर बिस्किटाचे तुकडे करून देत राहिल्या, आणि मिस्त्री स्वतःच दुरुस्त केलेल्या स्टुलावरून पडले होते हे प्लास्टर निघाल्यावर त्यांनीच लाजत सांगितलं. तर पुडा बघून सिस्टर सवयीने म्हणाल्या, "ठेव तिथे." त्याच दिवशी धाकटीला किल्ली द्यायची असं म्हाताऱ्यांनी सकाळी ठरवलं होतं. सिस्टरना वाटलं, मिस्त्रींनी हिला आधीच सांगून टाकलं. मिस्त्रींना वाटलं, ड्रायव्हरकाकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. ड्रायव्हरकाकांना वाटलं, सिस्टरनीच सांगितलं असणार. पुडा फुटला, चहा झाला, आणि बँडेजच्या पांढऱ्या पट्टीत ओवलेली किल्ली तिच्या गळ्यात पडली.

"गुडघे बोलायला लागलेत माझे," सिस्टर म्हणाल्या होत्या. "आता तू बघायचंस. आम्ही निर्धास्त."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी डोळे पुसले आणि ते वंगणाच्या हाताने पुसले, त्यामुळे त्यांचा गाल काळा झाला. त्या काळ्या गालासमोर, तोंडात बिस्किट असताना, धाकटीला काही सांगता आलं नाही. ती नुसती हसली. उद्या सांगू, असं ठरवलं.

त्या उद्यांचा आठवडा झाला. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन दार उघडायचं, संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर कुलूप लावायचं. किल्ली गळ्यात असली की आजारी पडायची सोय नाही, उशीर करायची सोय नाही, हे तिला पहिल्यांदा कळलं. रोज रात्री आई विचारायची, "सांगितलंस?"

"उद्या."

"तुझा उद्या सोमवारच्या आत येणार आहे का नंतर?"

सोमवारी हजर व्हायचं होतं. आज शुक्रवार होता.

आणि पायात बूट होते. जाडजूड, घोट्यापर्यंतचे, खडकाळ जमिनीवर चालायचे. ते मऊ व्हावेत म्हणून ती आठवडाभर घालून हिंडत होती आणि टाचांची पार वाट लागली होती. केंद्रात ते सगळ्यांनी पाहिले. मिस्त्रींनी तर एक दिवस मुकाट्याने तेलाची बाटली आणि फडकं तिच्यापुढे सरकवलं. पण हे असले बूट कशाला, हे कुणी विचारील तर शपथ. म्हातारी माणसं तिच्यावर जीव टाकत होती, यात शंकाच नव्हती. तिलाही ती आवडत होती, हीच तर खरी पंचाईत होती. नावडत्या माणसांना सांगून टाकायला काय लागतं?

"पोरी, चल," बाहेरून ड्रायव्हरकाकांनी हॉर्न दाबला. "कॉट पोचवायची आहे. तिसरा मजला."

कॉटचे दोन भाग होत. पायाकडचा भाग दोघांनी मिळून सहज वर नेला. डोक्याकडचा, ज्याला हँडल असतं, तो जड. धाकटी वरच्या बाजूने, उलटी चढत होती, आणि काका खालून रेटा देत होते. दुसऱ्या मजल्याच्या पुढे जिना वळत होता. त्या वळणात कॉट जी अडकली ती अडकली. वर जाईना, खाली येईना.

"डावीकडे वळव."

"डावीकडे भिंत आहे, काका."

"मग उजवीकडे."

"उजवीकडे कठडा."

"मग देवानेच हा जिना बांधलेला दिसतो," काका म्हणाले. "माणसाने बांधला असता तर माणूस मावला असता." त्यांनी कॉट कठड्यावर टेकवली आणि ते पायरीवर बसून धापा टाकू लागले. "थांब. दम खाऊ दे. तसंही तू आता कुठे जातेस? तू वर अडकलीस, मी खाली."

ती भिंतीला पाठ लावून उभी होती. लोखंडी चौकट छातीशी आली होती आणि किल्ली मध्ये सापडून हाडाला टोचत होती. हात दोन्ही चौकटीखाली, त्यामुळे ती काढताही येईना. चौकटीच्या गजांमधून तिला काकांचं टक्कल तेवढं दिसत होतं. टकलाशी बोलणं सोपं जाईल, असं तिला वाटलं.

"काका, मला नोकरी लागली."

टक्कल हललं नाही.

"बाहेरगावी. सोमवारी जायचंय. त्या दिवशीची बिस्किटं त्याची होती."

खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला. मग काका हळूहळू उठले. त्यांचा चेहरा गजांमध्ये आला. आयुष्यभर बस चालवलेल्या माणसाची एक सवय असते, वाईट बातमी ऐकली तरी नजर समोरच ठेवायची. तसंच त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"चांगली नोकरी?"

"मला हवी होती तीच."

"मग छान झालं," ते म्हणाले आणि कॉटचा कोपरा कठड्यावर जरा सरकवला. मग म्हणाले, "सिस्टर रविवारी जातायत, तुला माहीत नसेल."

"कुठे?"

"बहिणीकडे. कायमच्या. मला शपथ घातलीय, कुणाला सांगायचं नाही म्हणून. स्टेशनवर मीच सोडणार, तेव्हा मला सांगणं भाग होतं. निरोप-बिरोप नकोय त्यांना. सोमवारी सकाळी केंद्रात टेबलामागे नसतील, एवढंच." त्यांनी कपाळाचा घाम बाहीला पुसला. "बहीण किती वर्षं बोलावतेय. दोघी एकट्याच. दर वर्षी सिस्टर म्हणायच्या, केंद्राला कुणी मिळालं की निघते. मिस्त्रींना दोन माणसांशी बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. मी सदा गाडीवर. कोण होतं? या खेपेला बहिणीने खोली रंगवून घेतलीय. सिस्टरनी कुंड्यासुद्धा वाटून टाकल्या सगळ्या."

सिस्टरच्या कुंड्या धाकटीने पाहिल्या होत्या. गच्चीवर पाय ठेवायला जागा नसे. कुणी एक पान तोडलेलं त्यांना खपत नसे.

आठवडाभर ती बघत होती, सिस्टर पूर्वीसारख्या दहा वेळा कुलूप ओढून बघत नव्हत्या. टेबलाशी बसल्या बसल्या काहीतरी गुणगुणत होत्या. तिला वाटलं होतं, ओझं उतरलं म्हणून. तिला काय माहीत की बाई आधीच गाडीत बसली आहे.

"मग मी काय करू?" तिने विचारलं.

काकांनी खिशातून पाना काढला. "हँडल काढतो. त्याशिवाय ही बया वळायची नाही. तू नुसती धरून ठेव. सोडू नकोस."

ती धरून राहिली. नट गंजलेला होता. वरच्या दारातून एक बाई डोकावून म्हणाली, पाणी देऊ का, आणि धाकटीला हो म्हणावंसं वाटलं, पण ग्लास धरायला हात मोकळे नव्हते.

परत येताना, टेम्पो केंद्राच्या गल्लीत वळवताना काका एवढंच म्हणाले, "मी काही सांगणार नाही. तू सांगितलंस तरी ठीक, नाही सांगितलंस तरी ठीक." आणि मग, जरा वेळाने, "म्हणजे ठीक काहीच नाही. पण मी सांगणार नाही."

दुपारी मिस्त्री मागे रंग देत होते, सिस्टर आतल्या मोरीत गाद्यांची प्लॅस्टिकची आवरणं धूत होत्या. टेबलाशी धाकटी होती आणि कॉलेजची दोघं. तिने मनाशी हिशेब घालून पाहिला. न जाता राहिलं तर? नोकरी गेली तर पुन्हा मिळेल का? नाही मिळाली तर दहा वर्षांनी आपणही इथेच, गळ्यात किल्ली, नि एखाद्या नव्या धाकटीची वाट बघत. आणि गेलो तर? तर त्या रंगवलेल्या खोलीला कुलूप. कुठूनही दार लावलं तरी आत कुणीतरी राहणारच होतं. किल्लीची पट्टी मानेवर काचू लागली.

कोकीळ आली तेव्हा तिने मान वर केली. कोकीळ म्हणजे एक जुनी व्हीलचेअर. मिस्त्रींनी कितीही तेल पाजलं तरी ती चालताना कुहूकुहू ओरडायची. एक मध्यमवयीन बाई ती ढकलत आत आली. रिकामीच. खुर्चीच्या हातांवर नवं कापड शिवून बसवलं होतं.

"ठेवा तिथे," धाकटी म्हणाली. "पाणी घेता?"

बाईने पाणी घेतलं. प्यायली. ग्लास ठेवला. पण गेली नाही. तिने खोलीभर नजर फिरवली, धाकटीकडे पाहिलं, वेणीवालीकडे पाहिलं. वेणीवालीने शिकवल्याप्रमाणे नजर खाली घातली.

"विचारत नाही का हो तुम्ही काही?" बाई म्हणाली.

"आमच्याकडे तशी पद्धत आहे. लोकांना त्रास नको म्हणून."

"अहो, पण मला विचारा ना!"

धाकटीने आतल्या मोरीकडे पाहिलं. पाण्याचा आवाज थांबला होता.

"कसं आहे आता?" तिने विचारलं. हे शब्द या टेबलाशी तिने कधी उच्चारले नव्हते.

"चालायला लागल्या!" बाई जवळजवळ ओरडलीच. "सासूबाई माझ्या. डॉक्टरांनी हात टेकले होते. आणि काल आपल्या पायांनी बाजारात जाऊन आल्या, मला न सांगता. वर भाजीवाल्याशी भांडूनही आल्या! शेजारपाजार म्हणतो, हो, दिसल्या आम्हाला. त्यांना काय त्याचं? मी म्हटलं, केंद्रात जाऊन सांगते, त्यांनी खुर्ची दिली होती, त्यांना बरं वाटेल. तर तुम्ही पाण्याचा ग्लास पुढे करता आणि असं तोंड करता जसं काही..." तिला हसू आलं आणि त्यातच तिचे डोळे भरले. "एवढा आनंद घेऊन माणसाने जायचं कुठे?"

चष्मेवाल्याने टाळ्या वाजवल्या. वेणीवालीने बाईचा हात धरला. मिस्त्री रंगाचा ब्रश घेऊन पुढे आले आणि कोकिळेच्या हातांवरचं नवं कापड बघून म्हणाले, "शिवण झकास आहे." बाई बराच वेळ बसली. सासूबाई भाजीवाल्याला काय म्हणाल्या ते तिने दोनदा सांगितलं.

ती गेल्यावर धाकटीने वळून पाहिलं. मोरीच्या दारात सिस्टर उभ्या होत्या, कोपरापर्यंत ओल्या हातांनी. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. त्या आत वळल्या आणि पाण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी कॉलेजची दोघं गेली, मिस्त्री गेले. काका बाहेर टेम्पो पुसत होते, पुसून झालेला पुन्हा पुसत होते. उंच खिडक्यांतून आलेलं ऊन कॉटच्या गजांवर चढत चाललं होतं. सिस्टर टेबलाशी ग्लास विसळून उपडे घालत होत्या.

धाकटीने किल्ली गळ्यातून काढली. दिवसभर मनाशी बोलून बोलून तिने वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही तोंडात येईना. तिने किल्ली टेबलावर धरली, पण सोडली नाही.

सिस्टरनी किल्लीकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, आणि ते त्यांनी लगेच आवरून घेतलं, पलंगावरची चादर आवरावी तसं.

"ठेव तिथे," त्या म्हणाल्या. "पाणी घेतेस?"

तिने किल्ली ठेवली. हात एकदम रिकामे झाले. तिने ग्लास घेतला आणि दोन्ही हातांनी धरला. रोज लोकांना देत होती ते पाणी गार असतं, हे तिला आज कळलं. ती सावकाश प्यायली. टेबलाच्या या बाजूला उभं राहणं फार अवघड होतं. तिला वाटत होतं, यांनी विचारावं. ओरडावं, रागवावं, काहीही, पण विचारावं. सिस्टर उपड्या ग्लासांची रांग सरळ करत राहिल्या. शेवटचा घोट संपला.

"लंगडतेस तू," सिस्टर म्हणाल्या. "बस खाली. टाच दाखव."

ती कोकिळेत बसली. सिस्टरनी खण उघडून बँडेजची गुंडाळी, कापूस, औषध काढलं. गुडघे धरून, कण्हत, त्या तिच्यापुढे स्टुलावर टेकल्या. तिचा बूट काढून हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, तळव्याच्या जाड खाचांवरून अंगठा फिरवला. टाचेवर फोड फुटून मोजा चिकटला होता. तो त्यांनी ओला करून हलकेच सोडवला.

मान वर न करता त्या म्हणाल्या, "बूट कसले गं हे?"

आणि मग धाकटीला थांबता आलं नाही. तिने यंत्राचं सांगितलं, तंबूचं सांगितलं, डोंगरावर निशाण रोवून खालून त्याचा कोन कसा घेतात ते सांगितलं. कधीच न मोजलेल्या जमिनी अजून किती आहेत ते सांगितलं. सोमवारचं सांगितलं. बिस्किटांचं सांगितलं. मध्ये ती रडली आणि तशीच बोलत राहिली. सिस्टर टाच पुसत होत्या, औषध लावत होत्या, पट्टी गुंडाळत होत्या, आणि प्रत्येक वेढ्याला एक प्रश्न विचारत होत्या. रात्री थंडी असते का? बरोबर बायका आहेत का? जेवायचं कोण करतं? जणू इतक्या वर्षांचे साठलेले सगळे प्रश्न त्यांना आजच संपवायचे होते.

"आणि तुमची खोली?" धाकटीने विचारलं.

सिस्टरचे हात थांबले. त्यांनी उघड्या दारातून बाहेर टेम्पोकडे एक नजर टाकली.

"म्हणजे त्याने सांगितलंच," त्या म्हणाल्या. "निळी रंगवलीय म्हणे. मला निळा कधी आवडलाच नाही."

"सिस्टर, मी..."

"राग आलाय मला," सिस्टर म्हणाल्या. "तुझ्यावर. उगाच नाही कशाला म्हणू? आणि तो काही लगेच जायचा नाही. पण तो माझा मी बघेन. मी तरी कुठे सांगितलं होतं तुला?" त्यांनी पट्टीचं टोक दातांनी फाडून गाठ मारली. "रोज बदलायची. ओली होऊ द्यायची नाही. बूट घालताना आधी दोन मोजे."

त्या उठल्या. गुंडाळीतून आणखी एक पट्टी कापली, धाकटीच्या पट्टीपेक्षा आखूड, आणि किल्ली तिच्यात ओवून स्वतःच्या गळ्यात अडकवली. बोटांना ती गाठ इतकी सरावाची होती की त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही.

"आता कुंड्या परत मागायला जायचं दारोदार," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "आणि तिथे मेले सगळे विचारणार, का म्हणून."

धाकटीने बूट घातला. दारापर्यंत गेल्यावर सिस्टरनी मागून हाक मारली.

"त्याला सांग, रविवारी गाडी नको. सोमवारी आण म्हणावं, तुला सोडायला."

बाहेर अजून उजेड होता. मागे दार ओढल्याचा, कुलूप लागल्याचा आवाज आला. मग ते ओढून बघितल्याचा. मग पुन्हा एकदा ओढून बघितल्याचा.

ड्रायव्हरकाका हातात फडकं घेऊन उभे होते. त्यांनी तिच्या गळ्याकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"रविवारी गाडी नको म्हणाल्या," ती म्हणाली. "सोमवारी आणायला सांगितलंय."

"बरं," काका म्हणाले. कुणासाठी, ते त्यांनी विचारलं नाही. फडकं पिळून त्यांनी ते आरशाला अडकवलं आणि तिच्या बाजूचं दार उघडून धरलं.